एकलकोंड्याचा जोडीदार

९ जानेवारी

चि. चोंबडीस,
अनेक आशीर्वाद.

फोन का उचलत नाही म्हणून तू पुन्हा माझी हजेरी घेतलीस. अगं, माझा डावा कान कामातून गेलाय आणि उजवा त्याच्याच वाटेवर आहे. फोनवर तू "काय?" म्हणतेस, मी "काय?" म्हणतो आणि बाकीचं सगळं मामी बोलते. पत्रात माणसाला आपलं वाक्य पुरं तरी करता येतं. तुझ्या आईशी मात्र मी फोनवरच बोलतो, कारण ताईशी बोलताना मला बोलायचं नसतंच, नुसतं हूं म्हणायचं असतं.

हॉल कसा चाललाय विचारलंस. नगरपालिकेने दिवे बदलले, छप्पर तसंच ठेवलं, त्यामुळे गळतं कुठून ते आता लख्ख दिसतं. मुलांचे बॅडमिंटनचे वर्ग मी संध्याकाळी घेतो. सकाळ आमच्या चौकडीची. नेटच्या पलीकडे बेकरीवाला आणि दाताचा डॉक्टर, अलीकडे मी आणि रेडिओ. दोन वर्षं झाली, जोड्या बदललेल्या नाहीत. पुढे तो, मागे मी.

रेडिओ हे आम्ही ठेवलेलं नाव. तिशीचा गडी, पण तोंडाला विश्रांती म्हणून नाही. सर्व्ह करतानाही याचं काहीतरी चालूच. डॉक्टरची नक्कल करत "आ करा, अजून मोठा आ करा" म्हणतो आणि स्मॅश मारतो. डॉक्टर हसला की पॉइंट आमचा. परवा मी घरी मशीनवर त्याच्या रॅकेटचं गटिंग करत होतो, तर शेवटची तार ओढून होईपर्यंत समोर बसून अखंड बोलत होता. मामी म्हणाली, याला जेवायला ठेवून घ्या, नाहीतर बोलून बोलून चक्कर येईल त्याला.

एकच कुरकुर आहे. हल्ली दोघेजण येऊन गॅलरीत बसतात. खेळत नाहीत, बूट काढत नाहीत. एक जाडजूड, दुसऱ्याच्या हातात कायम मोटरसायकलचं हेल्मेट. रेडिओ त्यांच्याजवळ गेला की एकदम बारीक आवाजात बोलायला लागतो. मी बुटांवरून टोकलं तर म्हणाला, "सर, मित्र आहेत माझे, सांगतो त्यांना." सांगितलेलं दिसत नाही.

आता तू सांग. तुझं त्या वर्तमानपत्रातलं काम नक्की काय? तुझी आई सगळ्यांना सांगते, "ती बातम्या लावते." भांडी लावतात, बटणं लावतात, बातम्या कशा लावतात?

तुझा,
मामा

२७ फेब्रुवारी

प्रिय मामा,
सा. न.

मामीचा फोन आला आणि तुम्ही दोघं सुखरूप आहात हे कळलं, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. तुमच्या बसस्थानकातल्या स्फोटाची बातमी आली ती थेट माझ्याच टेबलावर. तिकीट खिडकीवरच्या बाई गेल्या, एक प्रवासी गेला आणि ज्याने ते घडवलं तोही जागीच गेला. तुझ्या घरापासून स्थानक चालत जाण्याच्या अंतरावर. मी एका हाताने बातमी लावत होते आणि दुसऱ्या हाताने मामीचा नंबर फिरवत होते.

बातम्या कशा लावतात ते आता या बातमीवरूनच सांगते. वार्ताहर जागेवरून फोन करतो, भराभर बोलतो. आम्ही डेस्कवरचे ते वाचण्यासारखं करतो, मथळा देतो, जास्तीचं कापतो. आणि माणसाला बिल्ला लावतो. बिल्ला हा आमच्या ऑफिसातला शब्द. वाचकाला दुसऱ्या दिवशी नाव आठवत नाही, म्हणून पहिल्याच दिवशी दोन शब्दांत माणूस सांगायचा आणि पुढे रोज नावाच्या आधी तेच दोन शब्द छापायचे. एकदा लावलेला बिल्ला सहसा बदलत नाहीत, वाचक गोंधळतो.

त्या संध्याकाळी मथळ्यात "दहशतवादी हल्ला" असं होतं. मग कळलं की माणूस बाहेरून आलेला नाही, तुमच्याच गावातला, तिथल्याच दुकानात काम करणारा. डेस्कप्रमुख म्हणाले, "दहशतवादी काढा, माथेफिरू करा." तेवढ्यात वार्ताहराचा पुन्हा फोन आला. त्याच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंनी सांगितलं होतं, "एकटाच जायचा, एकटाच यायचा." मी बिल्ला केला: एकलकोंडा माथेफिरू. मामा, दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत आणि झाडून सगळ्या वाहिन्यांवर तोच! डेस्कप्रमुखांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. तीन माणसं गेली आणि ही पाठ थोपटून घेतेय, असं तुझ्या मनात येईल. माझ्याही आलं. पण तुझ्यापासून काय लपवायचं, मला अभिमान वाटला.

आता माझा चोंबडेपणा. गाव एवढंसं आहे, तू त्या माणसाला कधी पाहिलं होतंस का? कसा होता दिसायला, बोलायला?

तुझी,
चोंबडी

६ मार्च

चि. चोंबडीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा बिल्ला इथेही पोचलाय. बाजारात, बँकेच्या रांगेत, मामी मानेच्या व्यायामाला जाते त्या दवाखान्यात, जो तो तोच शब्द बोलतो. मी कोणालाही सांगितलं नाही की तो माझ्या भाचीचा आहे.

पण मला एक कळत नाही. संध्याकाळी "दहशतवादी" होतं, सकाळी "माथेफिरू" कसं झालं? स्फोट तोच, गेलेली माणसं तीच. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, एवढंच ना? बाहेरचा निघाला असता तर आहे तोच शब्द राहिला असता. मी इथे बसून दोन दिवस लोकांची तोंडं बघत होतो. "दहशतवादी" ऐकलं की माणूस विचारतो, याच्यामागे कोण होतं? "माथेफिरू" ऐकलं की विचारतो, याला झालं तरी काय होतं? पहिल्या संध्याकाळी सगळा बाजार पहिला प्रश्न विचारत होता. दुसऱ्या दिवशी दुसरा. आता कोणी काहीच विचारत नाही, भाजी घेतात आणि घरी जातात.

तू विचारलंस म्हणून सांगतो. पाहिलं होतं त्याला. हॉलवर यायचा. तसा घुम्याच. यायचा, खेळायचा, जायचा. कोपऱ्यात बसून बूट बांधायचा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. बेकरीवाला म्हणतो त्याच्या डोळ्यांत पहिल्यापासून काहीतरी होतं, आणि मलाही आता तसं वाटतं. तपासवाले येऊन गेले. कोणी बरोबर असायचं का, असं विचारलं. आम्ही म्हटलं, नाही, एकटाच. त्यांनीही मान डोलावली, त्यांना ते माहीतच होतं. सुंठीवाचून खोकला गेला. दुसऱ्या दिवशी हॉल उघडला.

सकाळचा खेळ सध्या बंद ठेवलाय. माझा गुडघा कुरकुरतोय.

तुझा,
मामा

१२ मार्च

प्रिय मामा,

काल मामीने आईला फोन केला आणि रडत रडत सांगितलं की तो म्हणजे तुमचा रेडिओ.

रेडिओ, मामा? तुझा जोडीदार? मी त्याचं खरं नाव रोज छापत होते आणि मला कधी कळलंच नाही, कारण तू मला ते कधी सांगितलंच नव्हतंस. पण तुला तर पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

जानेवारीत तू लिहिलंस, त्याच्या तोंडाला विश्रांती नाही. मार्चमध्ये लिहिलंस, घुम्या. जानेवारीत मामी त्याला जेवायला थांबवत होती. मार्चमध्ये तो कोणाच्या अध्यात ना मध्यात. मी भांडत नाहीये. मला खरंच समजून घ्यायचंय, माणूस तोच, मामा तोच, मग मध्ये झालं काय?

मी ऑफिसात जुने मजकूर काढून बघितले. तो ज्या रंगाच्या दुकानात काम करायचा त्याच्या मालकाशी आमचा वार्ताहर पहिल्या रात्रीच बोलला होता. मालक म्हणाला होता, "फार बोलका, गिऱ्हाइकं त्याच्याशी गप्पा मारायला यायची." ते वाक्य बातमीत आलं नाही. मीच कापलं. बिल्ल्याशी जुळत नव्हतं आणि जागा कमी होती. दोन दिवसांनी दुसऱ्या वार्ताहराने त्याच मालकाला विचारलं, तर तो म्हणाला, "हो, तसा गप्प गप्पच असायचा." तोच मालक! कोणी त्याला दमदाटी केली नव्हती. त्याने फक्त मधल्या दोन दिवसांत पेपर वाचला होता.

मी डेस्कप्रमुखांना हे दाखवलं. ते म्हणाले, "धक्क्यात माणसं काहीबाही बोलतात, नंतर नीट आठवतं." असेलही. पण मग तुझं नीट आठवलेलं कोणतं, आधीचं का नंतरचं?

आणि मामा, गॅलरीतले ते दोघे कुठे गेले?

तुझी,
चोंबडी

१९ मार्च

चि. चोंबडीस,

तुझं पत्र वाचून मी तुझ्याशी मनातल्या मनात कडाकडा भांडलो. काल शहाण्यासारखं बोलायला शिकलेली पोर आज मामाला खोटारडा ठरवतेय, असं मामीला म्हणालो. ती म्हणाली, "कोणता कोपरा?"

मी म्हटलं, काय कोणता कोपरा? म्हणाली, "कोपऱ्यात बसून बूट बांधायचा असं तुम्ही लिहिलंत. हॉलमध्ये बसायला बाक एकच, तो मधोमध. त्यावर तुम्ही चौघं दाटीवाटीने बसता. मग हा कोपरा आला कुठून?"

अगं, मी खोटं लिहिलं नव्हतं. तुला पटणार नाही, पण ते लिहिताना तो मला खरोखर कोपऱ्यात दिसत होता. खाली मान, घट्ट मिटलेलं तोंड. मामीने विचारल्यावर मी हॉलवर जाऊन त्या बाकावर बसलो, चारी कोपरे बघितले. एकात बादली, एकात जुनी जाळी, एकात पंखा, एकात काही नाही. तिथे कोणी कधी बसलेलं नाही. तो कोपरा पेपरातून आला होता.

आणि तो यायला मी दार उघडं ठेवलं होतं, हेही खरं. शब्द सोयीचा होता. तो एकलकोंडा, म्हणजे त्याच्याबरोबर कोणी नव्हतं, म्हणजे मीही नव्हतो. रोज सकाळी ज्याच्या पाठीमागे उभा राहून मी खेळलो तो मला कळला नाही, हे गिळण्यापेक्षा तो कोणालाच कळण्यासारखा नव्हता हे गिळणं सोपं. माझा गुडघा ठणठणीत आहे. मी कोर्टवर जात नाही कारण नेटजवळची जागा रिकामी दिसते आणि मला त्याची आठवण येते. मग तिकीट खिडकीवरच्या बाई डोळ्यांसमोर येतात, आणि आठवण आल्याची लाज वाटते. त्या बाई मला नेहमी खिडकीची जागा द्यायच्या.

आता ते दोघे. त्या दिवसापासून दिसलेले नाहीत. त्यांची नावं मला माहीत नाहीत. नुसते मित्रच असतील, तर मी तोंड उघडल्यावर त्यांच्या आयुष्याची माती होईल. नसतील, तर मी गप्प बसल्यावर आणखी कुठलं तरी बसस्थानक. बेकरीवाला म्हणतो, झाकली मूठ सव्वा लाखाची. डॉक्टरला विचारलं तर म्हणाला, गॅलरीत कोणी बसायचंच नाही. तो काही लपवत नव्हता गं. त्याला खरंच आठवत नाही, हेच मला भयंकर वाटलं. म्हणजे आता ते दोघे फक्त माझ्या डोक्यात उरलेत, आणि माझ्या डोक्याचा भरवसा काय ते तू बघितलंसच.

एकच विचारतो. मी सांगायला गेलो, तर तुम्ही लोक मला कोणता बिल्ला लावाल? गोड बोलू नकोस, खरं सांग.

तुझा,
मामा

२३ मार्च

प्रिय मामा,

साथीदार.

खरं सांग म्हणालास, म्हणून आधी तेच लिहिलं. ज्याच्यावर आरोप आहे त्याच्याबरोबर ज्याची ऊठबस होती, तो आमच्याकडे "साथीदार". तू आपण होऊन गेलास तरी छापताना "चौकशी" असंच पडेल. जास्त वेळ बसवून ठेवलं तर "ताब्यात". आणि सोडून दिलं तर काहीच नाही, कारण सोडून दिल्याची बातमी होत नाही. हे कोणी दुष्टपणाने करत नाही. रोज रात्री पान वेळेत जायचं असतं आणि हे शब्द हाताशी असतात.

मी भांडेन. पण मी एका वर्तमानपत्राच्या एका टेबलावर बसते. बाकीचे काय लावतील ते माझ्या हातात नाही. तुझा हॉल, तुझे वर्ग, मामीचं बाजारात जाणं, सगळ्याला त्याची झळ लागेल. मी इथे बसून तुला शूर हो म्हणणं म्हणजे काठावर बसून पोहायला शिकवणं. तरी म्हणते, जा. तू मला हे पत्र लिहिलंस तेव्हाच तुझं ठरलं होतं, असं मला वाटतं.

एक कर. जेवढं दिसलं तेवढंच सांग. जाडजूड होता, हेल्मेट होतं, बूट काढत नव्हते, रेडिओ त्यांच्याशी हळू बोलायचा. ते संशयास्पद होते, असं म्हणू नकोस. तो शब्द आमचा आहे, तुझा नाही. ते नुसते मित्र असले तर तेवढ्या वर्णनातून सुटतील. आणि तुला नक्की आठवत नसेल तिथे आठवत नाही म्हण, लाजू नकोस.

आईला मी काही सांगितलेलं नाही. ती विचारते, तुझ्या मामाचा फोन का नाही. मी म्हणते, कान.

तुझी,
चोंबडी

१६ एप्रिल

चि. चोंबडीस,
अनेक आशीर्वाद.

मध्ये लिहिलं नाही, कारण लिहायला बसलं की दारावर कोणीतरी यायचं. आधी तपासवाले, मग तुमच्या जातकुळीचे, माइक घेऊन.

गेलो होतो. अधिकारी माझ्या मुलाच्या वयाचा असता, मला मुलगा असता तर. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, हे आधी का नाही सांगितलंत?" मी म्हटलं, "आधी मला आठवत नव्हतं." मला वाटलं, आता हा हसेल किंवा ओरडेल. त्याने नुसतं लिहून घेतलं.

ते दोघे सापडले ते तू वाचलंच असशील. त्यांच्या खोलीत जे निघालं त्यावरून म्हणे पुढची जागाही ठरलेली होती. इथला दवाखाना, जिथे मामी मानेच्या व्यायामाला जाते. अधिकाऱ्याने हे सांगितलं तेव्हा मी त्याच्याकडून दवाखान्याचं नाव दोनदा वदवून घेतलं. घरी येऊन मामीला सांगितलं, तर ती जाऊन कपडे वाळत घालायला लागली आणि एकच टॉवेल पुन्हा पुन्हा झटकत राहिली.

म्हणजे बरं केलं म्हणायचं. पण आता गंमत ऐक. पेपरात आता "एकलकोंडा" गेला आणि "जाळं" आलं. त्याबरोबर गावाची आठवणही पालटली. त्याच्या खालच्या मजल्यावरच्या बाई, ज्यांच्या शब्दावर तू बिल्ला केलास, त्या आता सांगतात की त्याच्याकडे दिवसरात्र माणसांची रीघ असायची, जिन्यावरची पावलं म्हणून थांबत नव्हती. मी त्यांना भाजीवाल्याकडे गाठलं. म्हटलं, "बाई, एकटाच जायचा असं तुम्ही म्हणाला होतात." त्या म्हणाल्या, "मी? कधी?" मी त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. त्या खोटं बोलत नव्हत्या. रंगवाला सांगतो, त्याचे फोन सारखे चालू असायचे. बेकरीवाल्याला आता गॅलरीतले दोघे आठवतात, आणि तेवढ्यावर तो थांबत नाही, म्हणतो चारपाच होते.

आणि मी "साथीदार प्रशिक्षक". डॉक्टरला आठवलं की मी आणि रेडिओ खेळ थांबवून कुजबुजायचो. कुजबुजायचो! माझ्याशी! "सर, मागे!" हे एवढं सांगायलासुद्धा त्या पोराला बोंब मारावी लागायची, शेजारच्या इमारतीतून लोक खिडक्या लावून घ्यायचे. मी डॉक्टरला म्हटलं, अरे, कान तपासून घ्या म्हणून तूच माझ्या मागे लागला होतास. तर म्हणाला, "तसं नाही, पण काहीतरी बोलायचात तुम्ही."

हॉलला चौकशी संपेपर्यंत कुलूप आहे. पालकांनी मुलांना काढून घेतलं. एका आईने येऊन सांगितलं की आमचा तुमच्यावर विश्वास आहे, आणि मुलाची रॅकेट घेऊन गेली. मी कुठे जात नाही. जे लोक समोर बोलायचे ते आता बघून मान हलवतात. शब्द जाईल, लोक विसरतील, असं मामी म्हणते. मला विसरण्याची भीती नाही गं. त्यांना काय काय आठवेल याची भीती वाटते.

ताई फोन करत नाही. मी मामीकडून लावून घेतला, तर भाऊजींनी उचलला आणि म्हणाले, ती झोपली आहे. सकाळी अकराला? तिची तब्येत बरी आहे ना? खरं काय ते कळव.

तुझा,
मामा

२१ एप्रिल

प्रिय मामा,

आईची तब्येत बरी आहे. ती झोपलेली नव्हती. बाबांच्या शेजारी उभी होती.

आधी माझ्याकडचं सांगते. मी तुझ्यासाठी लिहिलं होतं: "त्याच्याबरोबर रोज सकाळी खेळणारे आणि आपण होऊन माहिती देणारे प्रशिक्षक." डेस्कप्रमुख म्हणाले, वाचक याच्या शेवटापर्यंत पोचणारच नाही. मग मी त्यांना सांगितलं की हा माझा मामा आहे. त्यांनी ती बातमी माझ्याकडून काढून घेतली. नात्यातल्या माणसाबद्दल आपण लिहायचं नाही, हा नियमच आहे आणि बरोबरच आहे. तुला पुढचा बिल्ला दुसऱ्या कोणीतरी लावला, जो तुला कधी भेटलेला नाही.

आता आईचं. मी हे तुला लिहू की नको, यावर रात्र काढली. परवा सकाळी ती टेबलावर पेपर वाचत होती. तुझा फोटो होता, हॉलच्या दारातला, तोंडावर हात धरलेला. तिने खूप वेळ तो बघितला आणि म्हणाली, "लहानपणापासून तो जरा आतल्या गाठीचाच."

मी विचारलं, कोण? म्हणाली, "तुझा मामा. शाळेतून कुठे जायचा ते कधी सांगायचा नाही."

मामा, ही तीच बाई आहे जी माझ्या उभ्या आयुष्यात मला सांगत आली की तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. तिचं लग्न ठरल्याचं तू गावभर आधी सांगितलंस, आजोबांना नंतर कळलं, ही गोष्ट ती दर पाहुण्याला ऐकवते. मी तिला त्याची आठवण करून दिली. ती म्हणाली, "हो, पण आतलं काही बोलायचा नाही." मी तुझी पत्रं काढली, तिला वाचून दाखवली. तिने ऐकली आणि विचारलं, "त्याने हे आधी तपासवाल्यांना का नाही सांगितलं?" ती तुझ्यावर रागावलेली नाही. ती घाबरलीय. तिच्या भावाच्या जागी दुसरंच कोणीतरी बसलंय आणि ती त्याच्याकडे बघून घाबरलीय. मी शब्दांवर पोट भरते, मामा, आणि माझ्याकडे तिला सांगायला एक शब्द नव्हता. जे सांगावं ते त्या फोटोला जाऊन चिकटत होतं.

म्हणून मी बोलणं सोडलं आणि तिचं तिकीट काढलं. ती नाही म्हणाली, मी बॅग भरली. पुन्हा नाही म्हणाली, बाबांनी बॅग उचलली. शनिवारी दुपारच्या बसने ती येतेय. स्थानकावर तू स्वतः जा, मामीला पाठवू नकोस. लोक बघतील, बघू देत.

तिला काही समजावू नकोस. पेपराचा विषय काढू नकोस. तिची बॅग घे, उन्हाला शिव्या घाल, बस उशिरा आली म्हणून तिच्यावरच ओरड, रस्ताभर नेहमीसारखी वटवट कर. ती तुझ्या तोंडाकडे बघेल. तिला बघू दे, पाहिजे तितका वेळ.

आणि तिने तुला ओळखेपर्यंत तिला परत पाठवू नकोस.

तुझी,
चोंबडी